ड्युरेलची अलेक्झांड्रिया रंगवताना: कामाच्या नोंदी

१४ एप्रिल

इंग्रज लेखक लॉरेन्स ड्युरेलच्या कादंबऱ्यांमधल्या, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरावर चित्रं करायची असं कधीपासून डोक्यात होतं, आज एकदाचं सामान मागवून टाकलं म्हणजे आता मागे फिरता येणार नाही. कादंबऱ्या चार आहेत, जस्टिन १९५७ची, बाल्थझार आणि माउंटऑलिव्ह १९५८च्या आणि क्लेआ १९६०ची. चारही घेतल्या तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून मी फक्त युद्धाचा भाग घेतेय आणि तो मुख्यतः क्लेआमध्ये आहे. निवेदक डार्ली ग्रीक बेटावरून एका लहान मुलीला घेऊन बोटीने शहराकडे परत येतो, अंधार आहे, आणि समोर बंदरावर विमानहल्ला चालू होतो. तिथून पुढे ब्लॅकआउट, सैनिक, अर्धवट रिकामं झालेलं शहर. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी आधी वाचा, खाली शेवटासकट सगळं फुटणार आहे.

एक गोष्ट चित्राच्या दृष्टीने महत्त्वाची. ड्युरेल जन्मला आपल्याकडे, जालंधरला, १९१२ साली, शाळा दार्जिलिंगला. १९४१मध्ये जर्मन फौजा ग्रीसमध्ये घुसल्यावर तो क्रीटमार्गे इजिप्तला पळाला, आधी कैरो, मग १९४२ पासून अलेक्झांड्रियात ब्रिटिशांचा प्रेस अटॅची, १९४५पर्यंत. पण पुस्तकं लिहिली नंतर, सायप्रस आणि फ्रान्समध्ये बसून. म्हणजे पुस्तकातले रंग समोर बघून टिपलेले नाहीत, दहा-पंधरा वर्षं मुरलेले आहेत.

बजेट पंधरा हजार, फ्रेमिंग सोडून. सध्या डोक्यात चार चित्रं आहेत: बंदरावरचा हल्ला, ब्लॅकआउटमधला रस्ता, मनोऱ्यातला स्टुडिओ आणि पाण्याखालचा प्रसंग.

१९ एप्रिल

पेन्सिल घेऊन क्लेआतला प्रत्येक रंग अधोरेखित केला आणि प्रत्येकाचा एक चौकोन कागदावर रंगवला. कल्पना अशी की लेखकाचंच पॅलेट तयार मिळेल. जांभळट, लिंबू, मोतिया, राखी, पिकलेल्या फळासारखे, जखमेसारखे, संपतच नाहीत. सगळे शेजारी शेजारी ठेवले तर रुखवत मांडल्यासारखं दिसायला लागलं, गोड गोड आणि प्रत्येक वस्तू 'मला बघा' म्हणतेय. शब्दांत हे चालतं कारण वाचताना एक रंग गेल्यावर दुसरा येतो, चित्रात सगळे एकदम अंगावर येतात.

दोन संध्याकाळी आणि डायऑक्साझिन पर्पलची अर्धी ट्यूब यात गेली. तक्ता भिंतीवर लावला होता तो काढून टाकला. त्याऐवजी आता एवढंच करायचं की प्रसंग परत वाचायचा आणि विचारायचं, इथे उजेड नक्की कुठून येतोय. सर्चलाइट, निळा बल्ब, आग, चंद्र, पाण्यातून उतरलेलं ऊन. एका चित्रात एकच उजेड. विशेषणांकडे ढुंकून बघायचं नाही. युद्धाच्या भागात हे जमतं कारण शहरातले बाकीचे दिवे बंदच आहेत.

२७ एप्रिल

बंदराची स्केचेस. पहिल्या दोन्ही फाडली, कारण सांगते म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

मी अलेक्झांड्रियाला गेलेले नाही. कोर्निशची अर्धगोल किनारपट्टी बघून लगेच मरीन ड्राइव्ह आठवला आणि मरीन ड्राइव्हचेच स्वतः काढलेले फोटो रेफरन्सला घेतले. वळण जुळतं, बाकी काही जुळत नाही. एक तर मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे, अलेक्झांड्रिया उत्तरेला. कोर्निशवर समुद्राकडे बघत उभं राहिलात तर सूर्य डाव्या हाताला मावळतो, कैतबेच्या किल्ल्याच्या बाजूला, समोर पाण्यात नाही. दुसरं म्हणजे मागे टेकडी नाही. मलबार हिल माझ्या हातातून आपोआप आली होती. अलेक्झांड्रिया म्हणजे समुद्र आणि मरिऊत सरोवर यांच्यामधली सपाट पट्टी, बोटीतून बघाल तर शहर आधी दिसतच नाही, क्षितिजावर एक खरखरीत रेघ फक्त.

तिसरी गोष्ट जास्त वाईट होती. युद्धनौका मी कोर्निशच्या अर्धगोलात नांगरून ठेवल्या होत्या. ते पूर्वेचं बंदर, उथळ, मासेमारीच्या होड्यांचं. ब्रिटिश आरमार असायचं पश्चिमेच्या बंदरात, किल्ल्याच्या पलीकडे. डिसेंबर १९४१मध्ये इटालियन पाणबुडे माणसाने चालवायच्या टॉर्पेडोवर बसून आत शिरले आणि क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलियंट या दोन मोठ्या युद्धनौका फोडल्या, तेही याच बंदरात. गंमत अशी की पाणी कमी खोल असल्याने जहाजं सरळ तळावर बसली आणि वरून बघणाऱ्याला तरंगतायत असंच वाटत राहिलं. ही माहिती चित्रात दिसणार नाही पण नौका कुठे आणि किती खाली काढायच्या ते यावरून पक्कं झालं.

नकाशासाठी ई. एम. फॉर्स्टरचं १९२२चं अलेक्झांड्रियाचं गाइड उपयोगी पडलं. आजचा नकाशा उघडून बसलात तर रस्त्यांची जुनी नावं सापडणार नाहीत, र्‍यू फुआदचा आता हुर्रिया मार्ग झालाय, र्‍यू लेप्सियस, जिथे कवी कवाफी राहायचा, त्याचं नाव नंतर शर्म अल शेख झालं. नबी दानियल रस्ता मात्र नाव टिकवून आहे.

६ मे

हल्ल्याचं चित्र, २४ बाय ३६ इंच, कॉटन कॅनव्हास, ॲक्रिलिक. पार फसलं.

मेमधल्या दुपारी पंख्याखाली ॲक्रिलिक ब्रशवरच वाळतं हे माहीत असून बसले. सर्चलाइटचे झोत मास्किंग टेप लावून टायटॅनियम व्हाइटने भरले. टेप काढली तर आकाशात पीव्हीसीचे पाइप उभे केलेत असं दिसत होतं. पातळ ग्लेझ दिलं, पाइप दुधी झाले, पण पाइपच. वर ट्रेसर गोळ्यांचे लाल ठिपके घातले तर सगळं चित्र उत्सवी झालं, ते लगेच ओल्या फडक्याने पुसले.

अडचण अशी की झोत म्हणजे वस्तूच नाही. हवेत जी धूळ, धूर, बाष्प आहे त्यावर पडलेला उजेड म्हणजे झोत. दिव्याजवळ कडा धारदार आणि उजळ, वर जाताना कडा विरघळत जातात आणि शेवटी तो संपतो कुठे ते कळत नाही. वरून रंग लावून हे होत नाही. मला तरी नाही झालं.

१५ मे

तेलरंगाकडे आले. लावायचं नाही, पुसायचं.

पद्धत सांगते. प्रशियन ब्लू आणि बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून अख्खं आकाश गडद भरलं. थोडं थांबायचं, बोट लावलं तर चिकटतंय पण ओघळत नाही इतपत. मग जुन्या मलमलची घडी प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेला गुंडाळायची (माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड कामी आलं), खाली दिव्याच्या जागी टेकवायची आणि एका दमात वर ओढायची, वर जाताना हाताचा दाब कमी करत. खालचा प्रायमर उघडा पडतो आणि झोत तयार होतो. दोन झोत जिथे एकमेकांना छेदतात तिथे दुसऱ्यांदा पुसलं जातं त्यामुळे ती जागा आपोआप जास्त उजळ होते, आणि विमान सापडायचं असतं ते तिथेच. विमान म्हणजे चाकूच्या टोकाने खरवडलेला एक कण, बस. आधी मी पंख वगैरे काढले होते.

पण पहिला कॅनव्हास यातही गेला कारण मी नेहमीच्या सवयीने प्रायमरला पिवळ्या गेरूचा हात दिला होता. झोत पुसल्यावर पिवळा निघाला, बॅटरीच्या उजेडासारखा मळका. तेव्हाचे सर्चलाइट कार्बन आर्कचे, उजेड थंड पांढरा, जरा निळसरच. नवीन कॅनव्हास, बिनटोनचा पांढराशुभ्र प्रायमर, आणि परत पहिल्यापासून. कॅनव्हास अकराशेचा, म्हणजे तेवढे गेले. जुन्यावर आता उलट्या बाजूने सराव करते.

पाण्यातल्या प्रतिबिंबांचं काम सोपं निघालं. किनाऱ्यावर एरवी जे शंभर दिवे आपण काढतो ते इथे नाहीतच, फक्त सर्चलाइटची बुडं आणि दोन ठिकाणी आग. उभ्या लांब रेघा बघणाऱ्याकडे येणाऱ्या, तीन की चार. बाकी काळं.

२ जून

आता रस्ता. पुस्तकात धूळ इतकी आहे की ती चित्राच्या अंगातच हवी असं वाटलं, म्हणून टेक्श्चर. बाजारातली टेक्श्चर पेस्ट महाग पडते, मी पांढरी रांगोळी वापरते, जाडसर, चाळून. फेव्हिकॉल, पाणी, खडूची पूड, थोडा पांढरा ॲक्रिलिक आणि रांगोळी. चाळीस-पन्नास रुपयांत मोठा डबा होतो.

फक्त हे ताणलेल्या कॅनव्हासवर करू नका. सुकल्यावर छान दिसलं, मग कॅनव्हास उचलून ठेवताना अंगठा मागून दाबला गेला आणि चट्टदिशी तडा. हे मिश्रण कडक होतं, कॅनव्हास हलतो. सहा एमएमचा एमडीएफ आणला, १८ बाय २४ कापून घेतला, तिथे बसलं व्यवस्थित. एमडीएफला दोन्ही बाजूंनी प्रायमर द्या, मागच्या बाजूलाही, कडांनाही. पावसाळ्यात एकाच बाजूने दिलेला बोर्ड धनुष्य होतो, हे माझं मागच्या वर्षीचं ज्ञान.

९ जून

निळा उजेड. या एका गोष्टीवर सगळ्यात जास्त डोकं लावलं.

युद्धात इजिप्तमधल्या शहरांत गाड्यांचे दिवे आणि खिडक्यांच्या काचा निळ्या रंगवायचे, म्हणजे वरून दिसू नये. मातकट पिवळ्या भिंती आणि त्यावर निळा उजेड, ऐकायला किती सुंदर. मी सरळ भिंत गेरूत रंगवली आणि वरून अल्ट्रामरीनचं ग्लेझ दिलं. हिरवी झाली. शेवाळलेली भिंत. मग निळा वाढवला, गडद हिरवी झाली.

थांबून प्रयोग केला. गणपतीच्या मखराला ट्यूबलाइटवर लावतो तो निळा जिलेटीन कागद घरात होता. तो दुहेरी करून टॉर्चला रबरबँडने बांधला आणि रात्री गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या विटांच्या भिंतीवर मारला. भिंत गिलावा न केलेली, विटा तांबूस, सांधे सिमेंटचे. दिसलं असं: विटांचा तांबूस रंग पूर्ण मेला, जवळजवळ काळा झाला. सांधे मात्र निळे उजळले. म्हणजे रोज दिवसा जे पुढे दिसतं ते मागे गेलं आणि जे मागे असतं ते पुढे आलं. हात मध्ये धरला तर हाताचा रंग राखेचा, ओठ काळे, नखं उजळ. शेजारच्या काकू गच्चीवर वाळवण बघायला आल्या होत्या त्या म्हणाल्या, "अगं काय हरवलंय का तुझं?"

तर उत्तर असं की निळ्या उजेडात पिवळा रंग मिसळायचाच नाही. भिंत आधी करड्या रंगात, पेन्स ग्रे आणि पांढरा, गेरू अजिबात नाही. उजेड पडतो त्या खड्ड्या-उंचवट्यांवर फक्त कोरड्या ब्रशने निळा. रांगोळीचं टेक्श्चर इथे उपयोगी आलं, कोरडा ब्रश उंचवट्यांनाच लागतो. दिव्यापासून लांब गेल्यावर निळाही नाही, नुसता अंधार. गेरू फक्त एका जागी ठेवला, अर्धवट उघड्या दारातून आतल्या कंदिलाचा उजेड सांडतो तिथे, दोन बोटं रुंद. हो, एका चित्रात एकच उजेड हा माझा नियम मीच मोडला, पण ती पिवळी फट नसती तर निळा निळा दिसलाच नसता.

२१ जून

रस्त्यात माणसं घालायला घेतली आणि अडकले. रामलेची ट्राम काढलीय, ट्रामची वाट बघणारे लोक. स्केच झाल्यावर लांबून बघितलं तर सगळ्यांच्या डोक्यावर हॅट किंवा सैनिकी टोपी. नऊ जण आणि एकही इजिप्शियन चेहरा नाही. गलाबिया, म्हणजे तिथला लांब झगा, घातलेला एक जण होता, पाठमोरा, सामान उचलणारा.

हे माझ्या हातातून आलं पण आलं पुस्तकातूनच. ड्युरेलच्या शहरात ग्रीक, ज्यू, इंग्रज, फ्रेंच, सिरियन, श्रीमंत कॉप्ट (इजिप्शियन ख्रिश्चन), सगळे नावागावासकट आहेत, आणि सामान्य मुसलमान अलेक्झांड्रियन बहुतेक वेळा नोकर, गर्दी, आवाज किंवा वास. इजिप्तमधल्या वाचकांनी याबद्दल त्याला चांगलं सुनावलंय आणि बरोबर सुनावलंय. वाचताना मी वाक्यांच्या नादात पुढे गेले होते, चित्रात तसं पुढे जाता येत नाही, नऊ डोकी समोर उभी असतात.

युद्धाचंही तेच. परत चाळून बघितलं. युद्ध दिसतं ते ज्यांना उभं राहायला बाल्कनी आहे त्यांना दिसतं तसं, लांबून, झगमगीत, भीतीदायक आणि जरा मजेशीरसुद्धा. क्लेआतली फॉस्का ही बाई मरते ती सुद्धा होडीतून फिरायला गेलेली असताना, नजरकैदेतल्या फ्रेंच युद्धनौकांजवळून जाताना गोळी लागून. ती फ्रेंच नौदलाची तुकडी खरोखरच १९४०पासून १९४३पर्यंत बंदरात अडकून होती. पण ज्या वस्त्यांवर बॉम्ब पडले तिथलं कोणी बोलत नाही.

ट्रामचं चित्र पुसून नवीन करायचं नाही असं ठरवलं. हॅटवाले कमी केले, तीन माणसं बदलली, चेहरे पुढे फिरवले. आणि पुस्तकात नसलेलं एक पाचवं चित्र करणार, त्याबद्दल खाली.

८ जुलै

पाऊस. हल्ल्याच्या कॅनव्हासवर डाव्या कोपऱ्यात पांढरे ठिपके, बुरशी. तेलरंगही वाळेना, काळा जिथे जाड लावलाय तिथे तर महिना होऊन ओला. बर्न्ट अंबर लवकर वाळतो, आयव्हरी ब्लॅक नाही, त्यामुळे गडद भागासाठी शक्यतो अल्ट्रामरीन आणि अंबरच मिसळा. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झाडली, मास्क लावून, आणि चित्र भिंतीपासून लांब, पंख्याच्या वाऱ्यात उभं केलं. साठ वॅटचा पिवळा बल्ब खोलीत रात्रभर. लाइटबिल वेगळं.

फ्रेमवाल्या काकांकडे गेले की निदान एक तरी फ्रेम करून ठेवू. त्यांनी कॅनव्हासच्या मागे हात लावून बघितला आणि म्हणाले, "ताई, आत्ता फ्रेम केली तर काचेच्या आत पाऊस भरून देऊ का तुम्हाला? नवरात्रात या." तेलचित्राला काच नको म्हटलं, तर म्हणाले, "तरीही नवरात्रात या."

२० जुलै

पाण्याखालचं चित्र. पुस्तकात क्लेआ ही चित्रकार, बेटाजवळ पोहताना मित्र बाल्थझारच्या हातून हार्पूनची बंदूक चुकून सुटते आणि तिचा उजवा हात पाण्याखाली बुडालेल्या जहाजाच्या लाकडाला खिळला जातो. डार्लीला तो हात कापून तिला वर आणावं लागतं. नंतर तिला यांत्रिक हात बसवतात आणि त्या हाताने ती आधीपेक्षा चांगली चित्रं काढायला लागते.

गुआश (अपारदर्शक जलरंग), ३०० जीएसएमचा कॉटन कागद. पहिल्या फेरीत रक्त लाल काढलं, क्रिमसन. चित्र सिनेमाचं पोस्टर झालं. मग लक्षात आलं की पाण्यात लाल उजेड सगळ्यात आधी शोषला जातो, थोडं खोल गेलं की लाल वस्तू मळकट तपकिरी, अजून खाली हिरवट काळी. रक्त ऑलिव्ह ग्रीनमध्ये थोडा अंबर घालून काढलं आणि एकदम अंगावर आलं. लाल फक्त वर, पृष्ठभागाजवळ, एक धागा.

गुआशचं दुखणं म्हणजे वरचा हात दिला की खालचा थर परत ओला होतो आणि चिखल. दोन हातांत संपवायचं, तिसरा देऊ नका. मी दिला, त्यामुळे पाण्याचा मधला पट्टा गढूळ झालाय, सुदैवाने पाणीच आहे.

आता जरा वेडेपणा. यांत्रिक हाताने चित्र काढणं म्हणजे काय हे बघायला स्वयंपाकघरातल्या सांडशीत ब्रश पकडला आणि त्याने क्लेआचे पाण्यात पसरलेले केस काढले. बोटं आणि मनगट कामातूनच जातात, रेघ थेट खांद्यातून येते. थरथरते, पण लाडिकपणा करत नाही. माझी नेहमीची केसांची रेघ सुबक असते, टोकाला नखरा करते, सांडशीला नखरा येत नाही. केस तसेच ठेवलेत. फ्रेंच चित्रकार मातीसने म्हातारपणी लांब बांबूच्या टोकाला कोळसा बांधून व्हॉन्सच्या चॅपेलची रेखाटनं केली होती ते आठवलं. करून बघा, फक्त सांडशी जुनी घ्या, गुआश निघाला पण घरात बोलणी बसली.

११ ऑगस्ट

मनोऱ्याचा स्टुडिओ सोडून दिला. ड्युरेल अलेक्झांड्रियात मोहर्रम बे भागातल्या अंब्रोन कुटुंबाच्या व्हिलात राहायचा, वर मनोऱ्यात त्याची लिहायची खोली, आणि त्याच आवारात क्लेआ बदारो नावाची खरीखुरी चित्रकार काम करायची, पुस्तकातली क्लेआ काही अंशी तिच्यावरून घेतली असं मानतात. ती इमारत वर्षानुवर्षं पडीक होती आणि आता पाडलीय. बाहेरचे, पडझडीचे फोटो मिळतात. आतला उजेड कुठून यायचा ते मला त्यावरून कळत नाही, आणि उजेड कळल्याशिवाय चित्र करायचं नाही असं एप्रिलमध्येच ठरलंय. कॅनव्हास पाचव्या चित्राला दिला.

३० ऑगस्ट

पाचवं चित्र. जून १९४१मध्ये अलेक्झांड्रियावर मोठे हल्ले झाले, शेकडो माणसं मेली आणि लोकांनी शहर सोडायला सुरुवात केली, रेल्वेने, गाड्यांवरून, चालत, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांकडे, दमनहूरकडे. ड्युरेल तेव्हा कैरोत. हे पुस्तकातलं नाही, माझं आहे, आणि प्रदर्शनात लावलं तर चिठ्ठीवर तसं लिहिणार.

उजेड: पहाट, पूर्वेकडून, म्हणजे चालणाऱ्यांच्या डाव्या अंगाने. दमनहूर आग्नेयेला आहे, त्यामुळे ऊन जवळजवळ तोंडावर. हे नकाशावर पट्टी ठेवून काढलं. बायकांच्या अंगावर मेलाया, अलेक्झांड्रियातल्या बायका गुंडाळायच्या ती काळी चादर. आयव्हरी ब्लॅकने काढली तर कॅनव्हासला भोकं पडल्यासारखी दिसत होती. काळ्या कापडावर पहाटेचं ऊन पडलं की ते काळं राहत नाही, उजेडाकडून गरम तपकिरी, सावलीत निळं. काळी ट्यूब बंद करून ठेवली तेव्हा जमलं. हातगाडीवर गाद्या, एक शिलाई मशीन, पिंजऱ्यात कबुतरं. मशीन माझ्या आजीचं समोर ठेवून काढलं, चाकाचं लोखंड उन्हात कसं चमकतं ते फोटोवरून कळत नाही.

हे चित्र हल्ल्याच्या चित्राशेजारी ठेवलं की दोन्हींना त्रास होतो. हल्ल्याचं चित्र देखणं आहे, मान्य, पण शेजारी हे आलं की ते देखणेपण कोणाच्या खर्चाने आलंय ते दिसतं. म्हणून ही दोन कायम जोडीनेच लावायची, वेगळी विकायची नाहीत.

काहींनी विचारलं होतं की त्यात आपले सैनिक का नाहीत. अल अलामेन अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आहे, चौथी भारतीय डिव्हिजन ऑक्टोबर १९४२च्या लढाईत तिथे होती, मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन त्याआधी जूनमध्ये तोब्रुक पडलं तेव्हा तिथे सापडली. अलामेनच्या स्मशानभूमीत ज्यांचं दहन केलं अशा सहाशेहून अधिक सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. तो विषय मोठा आहे, कोपऱ्यात एक फेटेवाला उभा करून भागणार नाही. वेगळी मालिका.

१४ सप्टेंबर

ट्रामच्या चित्रात भिंतीवर पुस्तकातलं एक वाक्य रंगवलं होतं, पोस्टरवर असतं तसं. छान दिसत होतं. मग एका वकील मैत्रिणीला दाखवलं. ड्युरेल १९९०मध्ये वारला, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट, म्हणजे २०५०च्या अखेरपर्यंत. प्रसंगावरून सुचलेलं चित्र ही एक गोष्ट आणि त्याची वाक्यं जशीच्या तशी रंगवून प्रिंट विकणं ही दुसरी, त्याला परवानगी लागेल. खरवडलं. तिथे आता फाटलेल्या पोस्टरचा तुकडा आहे, अक्षरं लागत नाहीत, आणि खरं सांगायचं तर भिंत आधीपेक्षा बरी दिसते. शहराचा म्हातारा कवी म्हणून पुस्तकात जो येतो तो कवाफी, तो १९३३मध्ये गेला, त्याच्या मूळ ग्रीक ओळी घ्यायला हरकत नाही, पण भाषांतर कोणाचं आणि कधीचं ते बघा.

५ ऑक्टोबर

फ्रेमिंग झालं. काकांनी बोर्डाच्या मागून परत एकदा हात फिरवला आणि मग होकार दिला.

खर्च: कॅनव्हास फुकट गेलेल्यांसकट साडेचार हजार, रंग सहाच्या आसपास (टायटॅनियम व्हाइटच किती लागला विचारू नका), एमडीएफ कापून आठशे, गुआशचे कागद बाराशे, टर्पेंटाइन, जवस तेल, फडकी, रांगोळी मिळून हजार. बजेटमध्ये बसलं. फ्रेम वेगळे सात हजार, चार चित्रांचे, तेही घासाघीस करून. विजेचं धरलं नाही.

व्हार्निश राहिलंय. तेलरंगाच्या दोन्ही चित्रांना निदान सहा महिने थांबणार, जाड काळा भाग अजून नखाने दबतो. ट्रामच्या बोर्डाला मॅट व्हार्निश दिलं, ग्लॉस अजिबात देऊ नका, रांगोळीच्या कणाकणावर ट्यूबलाइट चमकते आणि सगळा ब्लॅकआउट वाया जातो. गुआशला व्हार्निश नाही, माउंट आणि काच, काच कागदाला टेकू द्यायची नाही.

निळ्या भिंतीसाठी कोणाला जिलेटीनचा प्रयोग करायचा असेल तर कागद गणपतीनंतर लगेच घ्या, दुकानदार उरलेला माल निम्म्यात देतात.